१९६७ ची डिलाइट, पुरात बुडालेली: जुना पार्ट कुठे ठेवू, नवा कुठे घालू?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

गाडी १९६७ ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. १९७८ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका वकिलांकडून घेतली. अण्णांचा तासगावला दवाखाना होता. कवठे एकंद, विसापूर, मणेराजुरी, जिथून निरोप येईल तिथे रात्री-अपरात्री ते याच गाडीने जायचे. दवाखाना बंद केल्यावर आम्ही सांगलीत गावभागात राहायला आलो आणि गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहू लागली. दर रविवारी अण्णा ती सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. आम्हाला बोटीतून बाहेर काढलं. परत आलो तेव्हा शेडच्या भिंतीवरची पाण्याची रेघ गाडीच्या काचेच्याही वर होती. गाडीत वीतभर गाळ. सीटच्या स्प्रिंगांत, दारांच्या पोकळीत, हेडलाइटच्या वाटीत, सगळीकडे. पाइप लावून धुतली, ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं पाणी आलं. पुढची वर्षं घर सावरण्यात गेली आणि गाडी तशीच राहिली.

अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत. दर खंडेनवमीला ते उभ्या गाडीला हार घालतात. या वेळी हार घालता घालता म्हणाले, "हिचा आवाज ऐकून सहा वर्षं झाली." त्याच आठवड्यात मी मिरजेच्या मिस्त्रींना बोलावलं.

इंजिन जाम होतं, ते उघडलंय. बोअरला, म्हणजे पिस्टन सरकतो त्या पोकळीला, खड्डे पडलेत, पण ब्लॉक शाबूत आहे आणि त्यावरचा नंबर आरसी बुकाशी जुळतो. ब्लॉकचा प्रश्न नाही, स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून होईल. अडलंय बाकीच्या सामानावर, कारण मला दोन बाजूंनी दोन सल्ले मिळतायत आणि देणारी दोन्ही माणसं माझ्या भल्याचंच सांगतायत.

मिस्त्री म्हणतात, जुनं सगळं काढून टाका. चारही दरवाजे, दारांखालचे सिल, बंपर, पुढची जाळी, स्टिअरिंग, सगळं नवं लोकल मिळतं. दोन महिन्यांत गाडी चकाचक करून देतो.

माझा आतेभाऊ पुण्यात जुन्या गाड्यांच्या नादात आहे. तो म्हणतो, लोकल मालाला हात लावू नकोस, गाडीचा आत्मा जातो. त्याने कुठून कुठून कंपनीचे पाकीटबंद पार्ट जमवून पाठवलेत. त्यात ब्रेकचं संपूर्ण रबर किटही आहे. पाकीट पिवळं पडलंय, आतलं रबर एकदम कोरं दिसतं. किमान ४० वर्षं कुणी हात लावलेला नसणार.

मला नेमकं विचारायचंय ते असं. ब्रेकमध्ये ते पाकीटबंद किट घालू का? दरवाजे खालून चार बोटं सडलेत, वर उत्तम आहेत, तरी बदलायचे का? आणि स्टिअरिंग. त्याला तीन ठिकाणी तडे गेलेत. पण डाव्या बाजूला अण्णांचा हात जिथे असायचा तिथे ते घासून गुळगुळीत झालंय. नवं स्टिअरिंग आणून शेजारी ठेवलं तेव्हा मला ते दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं वाटलं.

शेवटचा प्रश्न जाळीचा. १९८३ मध्ये पुढून ठोकर बसली तेव्हा तिला पद्मिनीची, म्हणजे प्रीमियरच्याच नंतरच्या गाडीची, जाळी बसवली होती. आतेभावाला पुण्याच्या जुन्या बाजारात डिलाइटची खरी जाळी दिसलीय, थोडी काळवंडलेली, विकणारा १४ हजार मागतोय. मला आठवते तेव्हापासून आमच्या गाडीला पद्मिनीचीच जाळी आहे. मग मी कुठली गाडी परत आणतेय? १९६७ ला कुर्ल्यातून निघाली ती, की मी शाळेत असताना दारात उभी असायची ती? हे ठरल्याशिवाय "ओरिजनल" या शब्दाचा अर्थच मला लागत नाहीये.

---

काळीपिवळी यांचं उत्तर:

ताई, मी ३८ वर्षं लालबागला टॅक्सीच्या गॅरेजात काढली. आता वाईजवळ गावी असतो. फियाट आणि पद्मिनी सोडून दुसऱ्या गाडीला फारसा हात लावला नाही, त्यामुळे जे बोलतो ते एवढ्याच गाडीबद्दल धरा.

आधी ब्रेक. ते पाकीट तुमच्या भावाला आठवण म्हणून परत करा, गाडीत घालू नका. रबर वापरलं नाही म्हणजे ते तरुण राहिलं असं नसतं. बंद पाकिटातसुद्धा ते कडक होत जातं. बोटात धरून वाकवून बघा, रबराच्या वाटीच्या काठावर बारीक केसासारख्या चिरा दिसतील. या चिरा ब्रेक ऑइलचा दाब आल्यावर उघडतात. तुमच्या गाडीला पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर एक आणि चारही चाकांना लाइन एकच. एका चाकाच्या वाटीने दगा दिला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९४ मध्ये एका मालकाच्या हट्टापायी मी असंच जुनं पाकीटबंद किट घातलं होतं. दीड महिन्यानं ती टॅक्सी पेडर रोडच्या उतारावर होती आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढत, गिअर पाडत गाडी फुटपाथला घासली. माणसं वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यानंतर ब्रेकचं रबर मी कायम ताजंच घातलं. होज पाइपही नवे घ्या. जुना होज बाहेरून ठीक दिसतो पण आतून फुगून बंद होतो, मग पाय काढला तरी चाक मोकळं होत नाही.

मास्टर सिलिंडरचं लोखंडी अंग मात्र फेकू नका. पुराच्या पाण्याने आत खड्डे पडले असतील तर बोअर करून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या. अंग जुनं, आतली वाट नवी. रबरं धुताना पेट्रोल-डिझेल अजिबात लावू नका, फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवा.

आणखी एक. भावाने ब्रेकचे लायनर किंवा क्लच प्लेट पाठवली असेल तर तीही बाजूला ठेवा. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपाने धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. आम्ही आयुष्यभर तोंडाने फुंकून उडवली. माझ्याबरोबरचे दोघं छातीच्या दुखण्याने गेले. कशाने गेले ते डॉक्टर जाणे, पण तुम्ही तरी फुंकू नका.

आता लोकल मालाबद्दल. तुमच्या भावाला राग येईल, पण मला हे सांगायलाच हवं. मुंबईची टॅक्सी लोकल मालावर चालली. कारखाना बंद झाल्यावरही कितीतरी वर्षं या गाड्या रोज रस्त्यावर होत्या, त्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या आणि ऑपेरा हाउसकडच्या दुकानांमुळे आणि त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या छोट्या कारखान्यांमुळे. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), बुश, गॅस्केट, क्लच प्लेट, वॉटर पंप हे सगळं लोकल. रोज दोन पाळ्यांत चालणाऱ्या गाडीत जो माल टिकला तोच दुकानात राहिला, बाकीचा ड्रायव्हरांनी शिव्या घालून परत केला. त्यामुळे इंजिन आणि खालच्या भागाचा लोकल माल वाईट असतो असं समजू नका. डिलाइट आणि पद्मिनीचं इंजिन तेच १०८९ सीसीचं, तो माल तुम्हाला चालतो.

पण आता घाई करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. रोजचं गिऱ्हाईक संपलं तर हे पार्ट कोण बनवणार? माझ्या ओळखीच्या दोन दुकानांनी उरलेला माल काढून टाकला आणि आता दुसऱ्याच गाड्यांचं सामान ठेवतात. किंगपिनचे दोन सेट, वॉटर पंपचं किट, हेड गॅस्केट चार, एवढं आत्ताच घेऊन कपाटात टाका. आज ज्याला डुप्लिकेट म्हणून नाक मुरडताय तेही पाच वर्षांनी मिळणार नाही.

पत्र्याचा हिशोब वेगळा. टॅक्सीवाल्याला दरवाजा बंद झाला की पुरे, फट दोन सूत की पाच सूत याच्याशी त्याला घेणं नसायचं. म्हणून लोकल दरवाजे आणि मडगार्ड कधीच नीट जमले नाहीत. पत्रा पातळ आणि घडीची रेघ बोथट. तुमच्या गाडीची रेघ पुढच्या दारापासून मागच्या पंखापर्यंत सरळ जाते, लोकल दार लावलं की ती दारातच तुटते. पुटीने भरतात, दोन पावसाळ्यांत ती सुटते. वरचा भाग चांगला आहे ना? मग खालचे चार बोटं कापा, त्याच जाडीचा पत्रा वाकवून जोडून घ्या. मिस्त्री नको म्हणतील, कारण दार बदलायला एक दिवस लागतो आणि तुकडा जोडायला चार. ते चार दिवस द्या. आणि दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं आहेत ती तारेने मोकळी करा, गाळ तिथेच बसलेला असणार. रंग झाल्यावर पोकळीत पातळ मेण फवारून घ्या.

स्टिअरिंग तुमचं तुम्ही ठरवलेलंच आहे. तडे इपॉक्सीने भरतात, घासतात, काळा रंग मारतात. रंगवाल्याला सांगा, डावीकडच्या त्या जागेला हात लावायचा नाही.

---

जुनी चाकं, पुणे यांचं उत्तर:

वरच्या दादांचं ब्रेकबद्दलचं सगळं मान्य. मी स्वतः पाकीटबंद मालाच्या बाजूचा माणूस आहे, पण तो धातूपुरता. गिअर, बेअरिंग, पॉइंट, दाराची कुलपं, मोनोग्राम असं काही ४० वर्षांपूर्वीचं तेलकागदात मिळालं तर डोळे झाकून घ्या. रबर, कागद, कॉर्क, कंडेन्सर, यांना वय लागतं. पेट्रोल पंपाचा पडदा तर नवाच हवा, आणि तोही इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा आहे का ते विचारून. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९६७ च्या पडद्याने ते कधी पाहिलेलंच नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही कागदांचा विचार केलाय का? तुमची गाडी ५० वर्षांच्या वर आहे. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत अशा गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी पाच हजार. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. जुना ब्लॉक स्लीव्ह घालून वाचवताय, दरवाजे जोडून वापरताय, हे म्हणूनच फार चांगलं चाललंय. मात्र एक लक्षात घ्या. व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. अण्णांना घेऊन अधूनमधून तासगावला जायचं असेल तर नेहमीचीच नोंदणी नूतनीकरण करून ठेवा. आधी हे ठरवा, मग आरटीओत जा.

जाळीच्या बाबतीत माझं मत कडक आहे. स्पर्धेत पद्मिनीची जाळी लावलेल्या डिलाइटचे गुण जातात आणि जायलाच हवेत. १४ हजारांना खरी जाळी मिळत असेल तर घ्या.

फिवा म्हणून जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना आहे. तिची एक सनद आहे, इटलीतल्या तोरिनोच्या (ट्यूरिनच्या) नावाची, म्हणजे फियाटच्याच गावाची. त्यातली एक गोष्ट मला फार पटते: जो भाग नवा घातला तो नवा आहे हे पुढच्या माणसाला ओळखता यायला हवं. मी माझ्या गाडीत घातलेल्या प्रत्येक नव्या भागाच्या आतल्या बाजूला साल पंच करतो आणि वहीत लिहून ठेवतो. काढलेला जुना तुकडा गोणीत, भंगारवाल्याला काही द्यायचं नाही. दरवाजाचा कापलेला सडका पत्रासुद्धा ठेवा, त्याची वळणं पुढे कुणाला तरी मापाला लागतील.

---

उद्यमनगर यांचं उत्तर:

कोल्हापूरहून. आमचं मशीन शॉप आहे. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर पाठवा, स्लीव्ह करून देतो, हे काम इथे दोन-तीन जण नीट करतात. ब्लॉक मिरजेत करताय तर बोअर मूळच्या ६८ मिमीवरच परत आणायला सांगा, म्हणजे स्टँडर्ड पिस्टन बसतील आणि पुढे मोठ्या मापाला वाव राहील.

काचेच्या रबराबद्दल कुणी बोललं नाही. बाजारात मिळणारं लोकल बीडिंग घेऊ नका. बऱ्याचदा ते पुनर्वापराच्या रबराचं असतं, वर्षभरात आक्रसतं, कोपरे उघडतात आणि पावसाचं पाणी थेट नव्या फ्लोअरवर. पुरातून वाचवलेली गाडी अशी आतून सडवायची का? जुन्या बीडिंगचा बोटभर तुकडा आडवा कापून रबर एक्स्ट्रुजनवाल्याला द्या. त्या मापाची डाय, म्हणजे साचा, करून ईपीडीएम या ऊन-पावसाला टिकणाऱ्या रबराचं बीडिंग काढून देतात. डायचा खर्च एकदाच असतो. इथल्या आणखी चार-पाच डिलाइटवाल्यांनी मिळून काढलं तर अगदीच परवडेल. मी एक गाडी धरतो.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काळीपिवळी दादा, तुमचं उत्तर मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय, आणा कटर." दोन दरवाजांचे तळ कापून झालेत. पुढच्या डाव्या दारातून दोन मुठी गाळ निघाला, सहा वर्षांनी, आणि त्यात अण्णांच्या थर्मामीटरची रिकामी डबी होती. काचेची पट्टी कधीतरी वर केली तेव्हा आत पडली असणार.

किंगपिनचे दोन सेट आणि गॅस्केट सीएसटी रोडवरून मागवले. ब्रेकचं पाकीट आतेभावाला परत पाठवलं, फोटोत रबराच्या चिरा दाखवून. तो रागावला नाही. उलट त्याच्या स्वतःच्या गाडीत तेच किट आहे, ते त्याने दुसऱ्या दिवशी काढलं.

नोंदणी नेहमीचीच ठेवणार आहे. अण्णांना तासगावला न्यायचंय, रथोत्सवाच्या गर्दीत नाही, एखाद्या साध्या मंगळवारी.

आणि जाळी. कुठली गाडी परत आणायची हा प्रश्न मी इथे विचारला, घरात विचारलाच नव्हता. काल अण्णांना विचारलं. मला वाटलं होतं ते पद्मिनीचीच राहू दे म्हणतील, इतकी वर्षं त्यांनी ती पुसलीय. ते म्हणाले, "ती मला कधीच आवडली नाही." १९८३ मध्ये कवठे एकंदच्या अलीकडे अंधारात बैलगाडीचं जू पुढून घुसलं होतं. मागच्या सीटवर एक बाळंतीण होती, तिला सिव्हिलला पोचवायचं होतं, म्हणून तशाच फुटलेल्या तोंडाने गाडी सांगलीला आणली. दुकानात डिलाइटची जाळी नव्हती, पद्मिनीची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायचा होता, म्हणून ती बसवली. पुढे डिलाइटची आणू आणू म्हणत राहून गेलं.

"मग जुनीचं काय केलंत?" म्हटलं.

"माळ्यावर आहे."

पुराचं पाणी माळ्यापर्यंत गेलं नव्हतं. १९८३ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. मधल्या पट्ट्या आत दबल्यात, एक टोकाला तुटलीय, बाकी सगळी आहे. आज दुपारी ती अंगणात चटईवर ठेवलीय आणि अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसलेत. पुण्याच्या जाळीला नाही कळवलंय.

आता ही सरळ करायची कशी? क्रोम करून घेऊ का?

---

काळीपिवळी:

लगेच क्रोमवाल्याकडे देऊ नका. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड. मग आधी सरळ करायची, घासायची, तांबं, त्यावर निकल, त्यावर क्रोम, हे तिन्ही थर द्यायला लावायचे. नुसतं क्रोम मारून दिलं तर पहिल्या पावसाळ्यात फोड येतात. चिकटलं नाही तर बहुतेक स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियम. त्याला क्रोम लागत नाही. लाकडाच्या ठोकळ्यावर मागून हळूहळू ठोकून उचलायची, हातोडी प्लास्टिकची, मग पॉलिश. तुटलेलं टोक मागून पट्टी लावून रिव्हेट करा, समोरून दिसणार नाही. घाई करू नका, जुना धातू एकाच जागी दोनदा वाकवला की तुटतो.

---

कृष्णाकाठ:

चिकटत नाहीये. अण्णांनी स्वतः लावून बघितलं. लाकडाचा ठोकळा शोधतेय.